दुसऱ्यांचे आजार नेणारी धुरपदाबाई

चोपड्यातल्या चिंचगल्लीत धुरपदाबाईइतकं आजारी कुणी नव्हतं, आणि तिच्याइतकं ठणठणीतही कुणी नव्हतं. सकाळी नऊला ती डॉक्टर रतिलालभाईंच्या दवाखान्याची पायरी चढायची तेव्हा तिला हिवताप, मोडशी, कोरडा खोकला आणि कंबरेतली उसण एवढं सगळं एकदम झालेलं असायचं. साडेनऊला पायरी उतरायची तेव्हा यातलं काही नाही. पिशवीत फक्त चार बाटल्या, तांबड्या औषधानं गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि प्रत्येकीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी.

त्याचं असं होतं. रतिलालभाई जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घराण्याचा नेम, आणि नेमाला बाध येऊ नये म्हणून दवाखाना दुपारी चारला उघडे आणि साडेपाचला बंद होई. थंडीत सूर्य लवकर जातो म्हणून पाचलाच. सकाळी नऊ ते बारा. डॉक्टर मोठे नियमाचे. त्यांच्या खिडकीचा पडदा पडला की समोरचा वाणी दिवा पुसायला घ्यायचा.

आणि चिंचगल्लीतली माणसं सगळी केळीच्या मळ्यातली. बुंध्याशी फुटलेली पिलं कापायची, खत टाकायचं, पाणी भरायचं. कोंबडा आरवला की भाकरीचं फडकं घेऊन निघायची ती दिवेलागणीला परत. डॉक्टर दात घासत असत तेव्हा मजूर गावात नसे, आणि मजूर गावात येई तेव्हा डॉक्टर ताटावरून उठलेले असत. दवाखान्यासाठी खाडा करावा, तर दुसऱ्या दिवशी मुकादमानं त्या जागी भलताच माणूस उभा केलेला. तेव्हा माणसानं कामावर जायचं आणि आजारानं दवाखान्यात, अशी गल्लीनं वाटणी केली. पण आजाराला पाय नसतात. त्याला नेणारं कुणीतरी लागतं.

धुरपदाबाई त्यात पडली ती नवऱ्यामुळं. वना त्याचं नाव. त्याला एका पावसाळ्यात हिवतापानं धरलं, तरी तो मळ्यात गेला, म्हणून ही दवाखान्यात सांगायला गेली. आता हुडहुडी काय सांगायची? तिनं ती करूनच दाखवली. दातावर दात, खांद्याला खांदा, गुडघे असे लटलट की रुपचंद कंपाउंडर आतून घोंगडी घेऊन धावत आला आणि ती तिच्या अंगावर घालून बसला. "मी बरी शे रे भाऊ," ती म्हणाली, "हाई मना घरधनीनं शे." डॉक्टरांनी क्विनाईन दिलं. वनाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पुढं दोन वर्षांनी तो साप चावून गेला तो भाग वेगळा. पण हिवताप बायकोनं नेला आणि वना बरा झाला ही गोष्ट ताप उतरला त्याच दिवशी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर तीन रिकाम्या बाटल्या.

तेव्हापासून हे चाललं. पहाटे अंधारात माणसं तिच्या ओट्यापाशी थांबायची, बाटली ठेवायची, आजार द्यायची आणि पुढं चालायची. धुरपदाबाई आजार तसाच्या तसा घ्यायची नाही. पारखून घ्यायची.

"खोक," ती पितांबरला म्हणायची. पितांबर तिच्याच शेजारचा, उंच, वाकलेला, बोलायला लाजणारा.

पितांबर फडकं काखेत धरून उभ्याउभ्या खोकायचा.

"आसा नही. हाऊ तू माले दाखाडाले खोकी ऱ्हायनास. रातले खोकस तसा खोक."

"रातले मी झोपेल ऱ्हास, अक्का. माले काय मालूम कसा खोकस."

"बठ्ठा गल्लीले मालूम शे, तुलेच नही."

मग तीच त्याला त्याचा रात्रीचा खोकला करून दाखवायची: आधी दोन सुके, मग एक लांब, मग घशात खडा अडकल्यासारखं खर्र. पितांबर ऐकून मान हलवायचा. "हा, हाऊच," म्हणायचा, आणि मळ्याकडं चालू लागायचा.

याबद्दल तिला कुणी केळीची फणी देई, कुणी जळण, कुणी वाटीभर उडीद. पण खरं सांगायचं तर तिची मिळकत ती नव्हतीच. दवाखान्यात सावकार बाहेर बाकावर बसायचा आणि रुपचंद हाक मारायचा, "धुरपदाबाई, चला," ही मिळकत.

आत गेल्यावर डॉक्टर चष्मा वर करून म्हणायचे, "बोला बाई, आज कोण कोण?" ते तीन पिढ्या चोपड्यातले, मराठी चोख, पण खूश झाले की तोंडातून गुजराती निसटायचं.

"पहिला उखर्डू," ती म्हणायची आणि उखर्डू व्हायची. पोटाशी दोन्ही हात, एक डोळा बारीक, ओठ बाजूला. डॉक्टर उखर्डूला विचारायचे, "कधीपासून?" उखर्डू रडक्या आवाजात उत्तर द्यायचा. एकदा सवयीनं डॉक्टर म्हणाले, "जीभ काढ." तिनं काढली. डॉक्टर वाकून बघता बघता थबकले.

"ही जीभ तुमची आहे, बाई."

"हा, मनीच शे. उखर्डूनी पांढरी शे. आते सांगू का, कोठपर्यंत पांढरी?"

"सांगा, सांगा. सारू."

कुंदाबाईचं मात्र ती कधी सोंग करायची नाही. रुपचंद बाटल्या धुवायला मागं गेला की डॉक्टरांच्या टेबलाजवळ जाऊन पदर तोंडाशी धरून दोन वाक्यांत सांगायची. बायकांचं दुखणं ते, पुरुषासमोर कुंदाबाई मरून गेली असती तरी बोलली नसती.

असं बारा वर्षं चाललं. स्वराज्य आलं, दारूबंदी आली, यष्टी आली. दवाखान्याची वेळ तीच राहिली.

पंचावन्न सालच्या पौषात रतिलालभाईंकडं त्यांचे धुळ्याचे मित्र आले. तेही डॉक्टर, मोठ्या दवाखान्यातले, सूटबूट, आवाज नगाऱ्याचा. दवाखान्यात शेजारी खुर्ची टाकून बसले, "चालू दे तुझं, मी बघतो," म्हणाले. आणि नेमकी धुरपदाबाई आली. डॉक्टरांनी तिला डोळ्यानं खुणावलं, उद्या या. तिला वाटलं पाहुण्यांपुढं जरा चांगलं करून दाखव म्हणताहेत.

तिनं उखर्डू केला. पाहुणे पुढं सरकले. तिनं नारबाची कंबर केली, पाहुण्यांनी चष्मा लावला. पितांबरचा खोकला सुरू झाल्यावर ते उठलेच. "थांबा, बाई," म्हणत त्यांनी स्वतःची नळी काढून तिच्या पाठीला लावली. बराच वेळ ऐकलं. मग वळून म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. मग हा खोकला येतो कुठून?"

"पितांबरकडून," धुरपदाबाई म्हणाली.

"पितांबर कुठं आहे?"

"तो वावरमा शे."

पाहुणे खुर्चीत बसले. "रतिलाल, तू रोगी न बघता औषध देतोस?"

"बघतो ना. ही काय."

"ही रोगी नाही."

"ही चार रोगी आहे," रतिलालभाई म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्याच ते लक्षात आलं आणि ते टाचणी शोधू लागले.

"त्यांना यायला जमत नसेल तर त्यांच्या वेळेला तू बस," पाहुणे म्हणाले. "वेळ तुझी आहे, सूर्याची नाही."

हे रतिलालभाईंना लागलं. पाहुणे गेल्यावर आठ दिवसांत दवाखान्याच्या दाराशी नवी पाटी लागली. दुपारची वेळ बंद झाली आणि डॉक्टरांचं ताट साडेचारला पडू लागलं. त्यांच्या घरून रुपचंदला कळलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारचं जेवण पोटात असतानाच संध्याकाळचं जेवायचं तर एकदाच बसा आणि उठूच नका. पण डॉक्टर हट्टाला पेटले होते.

धुरपदाबाईला वाचता येत नव्हतं. रुपचंदनं पाटी वाचून दाखवली, आणि अगदी हळूहळू, चवीनं, कारण बारा वर्षांपूर्वी तिच्यासाठी घोंगडी घेऊन धावल्याची गल्ली त्याला अजून आठवण देत होती. "दवाखाना यापुढे दिवेलागणीपासून रात्री नऊपर्यंतही उघडा राहील. रोग्याने स्वतः यावे. दुसऱ्याचा आजार आणू नये."

"शेवटलं परत वाच," ती म्हणाली.

त्यानं परत वाचलं. तिसऱ्यांदा न विचारताच वाचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर एकही बाटली नव्हती. माणसं पुढून गेली. पितांबरनं तर मान खाली घालून वाट बदलली. धुरपदाबाई उजाडेपर्यंत ओटा झाडत राहिली. एवढासा ओटा, पण तिनं तो पुरवून पुरवून झाडला.

संध्याकाळी मात्र ती दवाखान्याच्या बाजूच्या खिडकीखाली जाऊन बसली. गजातून आतलं सगळं ऐकू यायचं.

गल्ली आली होती, पण कशी? डॉक्टरसारख्या मोठ्या माणसापुढं मळक्या अंगानं कसं जायचं, म्हणून सगळे आंघोळ करून आले होते. धुतलेली बंडी, केसाला तेल, एकदोघांनी गंधही लावलेलं. लग्नाला निघाल्यासारखे ओळीनं बाकावर. डॉक्टरांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात पहिल्याला बोलावलं. पितांबर होता.

"काय पितांबर, कसं काय?"

पितांबरनं हात जोडले. "बरं शे, डाक्टरसाहेब."

"काही त्रास?"

"नही नही. तुम्हनी किरपा."

आता मोठ्या माणसानं कसं काय विचारलं तर बरं आहे म्हणायचं, एवढी रीत चिंचगल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होती. मरणाऱ्याला विचारलं तरी तो म्हणेल, बरं शे, तुम्हनं कसं? रतिलालभाई खानदेशी बोलत मोठे झाले, पण बारा वर्षांत त्यांच्यापुढं चिंचगल्लीतला जिवंत रोगी कधी बसलाच नव्हता. त्यांनी नाडी बघितली. पितांबरनं मोठ्या माणसाच्या तोंडावर खोकायला नको म्हणून श्वास धरून ठेवला होता, तो दम नळीखालीही सोडला नाही. डॉक्टरांनी ऐकलं, आपलं औषध लागू पडलं म्हणून खूश झाले. "सारू, सारू. रुपचंद, शक्तीचं औषध दे."

उखर्डू, बरं शे. नारबा, बरं शे. कुंदाबाई पदर ओढून बसली आणि विचारल्यावर म्हणाली, हात दुखस. हाताला तेल मिळालं.

धुरपदाबाईला खिडकीखाली हसू आवरेना. आठवडाभर हेच चाललं. मग एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं ओट्यावर सगळा दवाखाना उभा केला. डॉक्टर चष्मा वर करताहेत. नळी लावताहेत. आणि पितांबर! छाती फुगवून, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, डोळे बाहेर, हात जोडलेले, आणि ओठांच्या फटीतून कसंबसं, "ब...रं... शे." गल्ली लोळली. पितांबरही हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो थांबेना. तो भिंतीला टेकला. पंचा तोंडाला लावला. खोकला थांबल्यावर त्यानं पंचा घाईनं दुमडून काखेत कोंबला, पण धुरपदाबाई जवळ होती. तिनं तांबडा डाग पाहिला.

"कव्हयपासून?" तिनं विचारलं.

"काय कव्हयपासून? बरं शे," पितांबर म्हणाला आणि घरी गेला.

त्या दिवशी दुपारीच तिला रुपचंदनं सांगितलं होतं की साहेब संध्याकाळला कंटाळलेत. "म्हणतात, सगळेच धडधाकट येतात. आणखी आठ दिवस बघू, नाहीतर पाटी काढू. मग काय धुरपदाबाई, तुमचं राज्य परत." तिनं हिशोब केला होता. आठ दिवस तोंड मिटून बसायचं, बस. कुणाचं काही बिघडवायचं नव्हतं, काही करायचंच नव्हतं. नवव्या दिवशी पहाटे बाटल्या ओट्यावर.

आणि बाटली लगेच दुसऱ्या पहाटेच आली. पितांबरची. अंधारात, कुणी नसताना.

"अक्का, तूच जाय. माले तठे बोलताच येत नही. तू कशी भारी सांगस."

"खोक," ती म्हणाली.

तो खोकला. तिनं ऐकलं आणि करून बघितलं. दोन सुके, एक लांब, आणि खर्र. नव्हे, तो जुना. याच्या शेवटी आता काहीतरी ओलं, तुटल्यासारखं होतं. तिनं पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. तिला तो शेवट जमेना. बारा वर्षांत तिला न जमलेला हा पहिला आजार. पितांबर बिचारा उभा राहून वाट बघत होता, कामाला उशीर होत होता.

"बाटली घरी ली जाय," ती म्हणाली. "संध्याकायले मी तुनासंगे येस."

संध्याकाळी ती पितांबरला दंडाला धरून आत घेऊन गेली. डॉक्टरांनी चष्मा वर केला.

"बाई, पाटी ऐकली ना? दुसऱ्याचा आजार आणू नये."

"आजार नही लई उनू, डाक्टरसाहेब. मानूस लई उनू."

"माणूस आणलात, मग तुम्ही बाजूला व्हा. पितांबर, कसं काय?"

पितांबरनं हात जोडले, छाती फुगवली. "बरं शे."

धुरपदाबाई डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उभी होती. तिनं त्याच्याकडं बघत हात जोडले. छाती फुगवली. शिरा ताणल्या. डोळे बाहेर काढले. आणि मग एकदम डोक्यावर चष्मा सरकवल्यासारखं करून डॉक्टरांच्या आवाजात म्हणाली, "सारू, सारू. रुपचंद, शक्तीचं औषध दे." रुपचंद भिंतीकडं तोंड करून कपाटाला टेकला. पितांबरनं ओठ दाबले, गाल फुगवले, नाकातून एक आवाज काढला, आणि त्याला हसू फुटलं. हसण्यामागून खोकला आला.

डॉक्टर रागवायला उठले होते. ते उभेच राहिले. मग त्यांनी पितांबरला बाकावर आडवं केलं आणि नळी कानाला लावली. या वेळी खूप वेळ. पंचा मागून घेतला, उजेडात धरला.

"किती दिवस?"

पितांबरनं अक्काकडं पाहिलं.

"तिला नाही. तुला विचारतोय."

"दिवाईपासून," पितांबर जमिनीकडं बघत म्हणाला. "रगत आते आते."

डॉक्टर धुरपदाबाईकडं वळले. "तुम्ही मला खोकला करून दाखवत होता."

"मी दिवाईना करी ऱ्हायंती," ती म्हणाली. "हाऊ नवा शे. माले हाऊ येत नही."

दोन महिने खोकला तिनं आणला होता आणि तांबडं औषध डॉक्टरांनी दिलं होतं. त्यांनी टेबलाशी बसून धुळ्याच्या मित्राला चिठ्ठी लिहिली. छातीचा फोटो काढावा लागेल, उद्याच्या गाडीनं निघायचं. क्षय असला तरी आता त्यावर सुया निघाल्यात, माणूस बरा होतो.

पितांबरनं चिठ्ठी घेतली, दोनदा उलटसुलट केली आणि धुरपदाबाईच्या पदराला धरून कोपऱ्यात नेलं.

"अक्का, तूच जाय ना धुयाले मना बदली. मुकादम खाडा धरी. तू मनी छाती करी दाखाड."

"आरे भाऊ, फोटोले छाती तुनीच लागी," ती म्हणाली. "ती माले करता येत नही."

पण त्याला एकट्याला पाठवलं तर तो धुळ्यालाही हात जोडून बरं शे म्हणेल आणि पुढच्या गाडीनं परत येईल हे तिला दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की ती धुळ्याला चार दिवस अडकली तर इकडं डॉक्टर आता रोग्याला नीट विचारणार, पाटी राहणार. रुपचंद तर दारातच म्हणाला, "जाऊ नका म्हणतो मी. तुमचं इथलं संपलं मग."

"तुनी घोंगडी सांभाय," ती त्याला म्हणाली, आणि सकाळी गाडीत बसली.

गाडीत तिनं पितांबरला शिकवायला घेतलं. "डाक्टर इचारी, कसं काय. तू काय सांगशी?"

"बरं—"

"परत."

"खोकला शे."

"कसा शे? आसा मरेल आवाजमा नही. मी सांगस तसा सांग. हात छातीले लाव. दिवाईपासून खोकला शे, साहेब, रातले झोप नही, आन् रगत पडस."

तो म्हणाला. पुढच्या बाकावरचा माणूस उठून मागं जाऊन बसला. अमळनेर येईस्तोवर त्याला पाठ झालं, आणि पारोळ्याच्या पुढं तो न अडखळता म्हणू लागला. कंडक्टरनं विचारलं, पेशंट कोण? तर पितांबरनं लाजून अक्काकडं बोट केलं. तिनं ते बोट धरून त्याच्याच छातीकडं फिरवलं.

फोटोत निघालं ते निघालं. पुढं तीन महिने पितांबरनं रोज संध्याकाळी सातला रुपचंदकडून सुई घेतली. पहिला महिना दिवसभर ओट्यावर पडून राहून, मग मुकादमानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून बैठं काम दिल्यावर मळ्यातून परस्पर. साडेपाचला दार लागत असतं तर पुढच्या साठ सुयांना साठ खाडे पडले असते, आणि तेवढ्या खाड्यांना कुठल्या मुकादमानं काम दिलं असतं? पाटी राहिली. फक्त 'रोग्याने स्वतः यावे' ही ओळ डॉक्टरांनी रुपचंदला सांगून मोठ्या अक्षरात रंगवून घेतली.

पहाटेच्या बाटल्या काही परत आल्या नाहीत. गल्लीनं पितांबरचं बघितलं की बोललं तर माणूस धुळ्याला जाऊन बरा होऊन येतो. मग सगळे बोलायला लागले. पण बोलायचं कसं हे त्यांना एकाच माणसाकडून ठाऊक होतं. उखर्डू आत जाऊन पोटाशी दोन्ही हात धरायचा, एक डोळा बारीक करायचा, ओठ बाजूला न्यायचा, जसं तो स्वतः आयुष्यात कधी करत नसे आणि धुरपदाबाई मात्र बारा वर्षं करत आली होती. कुंदाबाईनं तर एकदा रुपचंद मागं जायची वाट बघितली, टेबलाजवळ गेली, पदर तोंडाशी धरला आणि दोन वाक्यांत सांगितलं, अगदी धुरपदाबाईच्याच आवाजात. रतिलालभाई एका संध्याकाळी रुपचंदला म्हणाले, "पहेलां एक धुरपदाबाई होती. आता आठ येतात."

ती स्वतः खिडकीखाली बसायची. रोज. गजाला पाठ लावून, डाळ निवडत. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, वारा लागतो इथं.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आत चिंचगल्लीतला नथ्थू होता, गुडघ्याचं घेऊन. त्यानं बाकावर बसून पाय लांब केला, जोरात विव्हळला आणि डॉक्टरांना उजवा गुडघा दाखवला. डॉक्टर दाबून बघत होते, नथ्थू हाय हाय करत होता. खिडकीतून आवाज आला.

"चुकीना दाखाडी ऱ्हायनास, नथ्थू. तुना डावा दुखस."

मग नथ्थूनं पाय बदलला, आणि डॉक्टरांनी खिडकीकडं न बघता खुर्ची डाव्या बाजूला सरकवून घेतली.